झोळी कुठे बांधली आहे?

तंजावरच्या बाजारात बाळाला कापडानं अंगाशी बांधून चाललेली बाई शोधायला निघालात, तर बराच वेळ हिंडावं लागेल. बाळं मात्र जागोजागी दिसतील. आईच्या कडेवर, आत्याच्या कडेवर, कधी आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर, तीही एका अंगाला कलून चालत असलेली. घरात शिरलात तर ती तुळईला नाहीतर छताच्या कडीला टांगलेल्या जुन्या साडीत असतात. तमिळमध्ये या टांगलेल्या साडीला 'तूळी' म्हणतात. आपण झोळी म्हणतो.

झोळी खांद्यात अडकवून, तिच्यात बाळ घालून चालणारी बाई भेटलीच तर ती बहुधा देवळाबाहेर मण्यांच्या माळा विकणारी, नरिकुरवर समाजाची असते. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या भटका. त्यांची वागरी भाषा तमिळच्या कुळातली नाही, ती गुजराती-मराठीच्या नात्यातली आहे. तमिळनाडूत त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळायला २०२३ चा जानेवारी उजाडावा लागला. या बाईचे दोन्ही हात मण्यांत आणि तारेत गुंतलेले, दिवस रस्त्यावर, आणि कापड टांगावं तर तुळई नाही. म्हणून कापड तिच्या खांद्याला येतं.

झोळी घराला बांधली आहे, झाडाला बांधली आहे की बाईच्या अंगाला, एवढं पाहिलं तरी त्या बाळंतिणीच्या हाताशी किती माणसं आहेत याचा बराचसा अंदाज येतो, असं माझं मत आहे. सगळीकडे हे चालणार नाही. मिझो किंवा खासी बायका डोंगर चढतात म्हणून मूल पाठीशी बांधतात; त्यांच्याकडे माणसांची कमी असते म्हणून नव्हे. पण कावेरीच्या सपाट, उकाड्याच्या मुलखात हा अंदाज सहसा चुकत नाही.

आधी घराची झोळी पाहू. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी स्थापली, ती १८५५ पर्यंत टिकली. राजवाड्याभोवतीच्या चार वीथींमध्ये आणि पुढे तमिळनाडूभर पांगलेल्या त्या वेळच्या मराठी घराण्यांत आजही घरापुरती मराठी बोलली जाते. अशा घरांत बारशाचा पाळणा आणि रोजची तूळी एकत्र नांदतात, यात नवल नाही. पाळणा सजवायचा, तूळी वापरायची. साडी सुती, आणि जुनीच हवी. दहा-पंधरा वर्षं धुतली गेलेली, सूत मऊ पडलेलं, शक्यतो आजीची. नवी साडी खळीमुळे बोचते आणि गाठही घट्ट बसत नाही. साडी दुहेरी करून तुळईवरून किंवा कडीतल्या दोराच्या फासातून घ्यायची, टोकं एकत्र आणून गाठ मारायची, आणि गाठीवर आपला सगळा भार टाकून दोन-तीनदा ओढायचं. मग आत दुपटं घालायचं. झोळीच्या दोन्ही बाजू मिटून बाळाच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून वरच्या अंगाला दोन टोकांना खाचा असलेली हातभर काठी आडवी अडकवतात. खाली लाल गिलाव्याच्या फरशीवर एक फडकं टाकलेलं असतं. बाळानं शू केली की ती दुपटं भिजवून, साडीतून झिरपून थेंबाथेंबानं त्या फडक्यावर पडते. प्लास्टिकची दुपटी येण्याआधी बाळ कोरडं ठेवायची याहून सोपी सोय कुणाला सुचली असेल, असं वाटत नाही. दुपारी डास आले तर साडीचा एक पदर वरून ओढून घ्यायचा.

मुख्य गोष्ट पुढे आहे. झोळीला एक दोरी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक घरात ज्याचे हात मोकळे असतील त्याच्याकडे असतं. आजी तांदूळ निवडत असेल तर पायाच्या अंगठ्याला. शाळेतून आलेला भाऊ पाढे म्हणत असेल तर त्याच्या हातात. आजोबा पेपर वाचता वाचता ओढतात, आणि पेपरात रंगले की ओढायचं विसरतात, मग बाळ आठवण करून देतं. आई त्या वेळी न्हात असेल, जेवत असेल, किंवा नुसती झोपली असेल.

झोका काम कसा करतो, हे शाळेतल्या लंबकावरून समजतं. तीन मीटर उंच छताला टांगलेली आणि जमिनीपासून अर्धा मीटर वर लोंबणारी झोळी म्हणजे सुमारे अडीच मीटर लांबीचा लंबक. त्याचा एक पूर्ण झोका साधारण ३.२ सेकंदांचा होतो. बाळ तीन किलोचं असो की सहा किलोचं, झोका तेवढाच. लांबी वाढली तर वेळ बदलतो, वजनानं बदलत नाही. म्हणून जुन्या उंच घरांतला झोका संथ आणि बुटक्या खोलीतला झटपट. आता तमिळनाडूतल्या दुकानांत कडीला अडकवायची लोखंडी स्प्रिंग मिळते; सिंगापूर-मलेशियातल्या तमिळ आणि मलय घरांतही तशीच वापरतात. स्प्रिंग लावली की खेळ बदलतो. बाळ आडवं झुलत नाही, वर-खाली नाचतं, आणि इथे वजनाचा संबंध येतो. बाळाच्या भारानं स्प्रिंग पाव मीटर ताणली तर एक हेलकावा बरोबर एका सेकंदाचा. त्याच स्प्रिंगवर बाळाचं वजन दुप्पट झालं की तोच हेलकावा सुमारे १.४ सेकंदांचा होतो. वजनाबरोबर स्प्रिंग जास्त ताणतेही, म्हणून वाढत्या बाळाला ती बदलावी लागते. नाहीतर झोळी जमिनीला टेकायला येते.

बाळ गप्प होतं ते हालचालीनं की मायेच्या स्पर्शानं, हा प्रश्न अमेरिकेत ॲनलीज कॉर्नर आणि एव्हलिन थोमन यांनी नवजात बाळांवर तपासला. १९७२ सालच्या त्यांच्या निबंधाचं उत्तर आजीबाईंना पटेल असं होतं: नुसतं जवळ धरण्यापेक्षा हलवल्यानं रडं लवकर थांबतं. तोल सांभाळणारं कानाच्या आतलं इंद्रिय गर्भातच तयार झालेलं असतं आणि आई चालत असताना महिनोन्‌महिने त्याला हेलकाव्यांची सवय झालेली असते.

जपानमधल्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटानं हीच गोष्ट आणखी खोलात नेली. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की आई बाळाला घेऊन बसून राहिली तर फारसं काही होत नाही. ती उठून चालू लागली की काही सेकंदांत बाळाच्या हृदयाचे ठोके उतरतात, हातपाय सैल पडतात, रडं थांबतं. उंदरीण पिल्लाला मानगुटीला धरून उचलते तेव्हा पिल्लूही असंच गप्प पडतं. शत्रू आला तर पळायचं असतं, त्या वेळी पिल्लानं वळवळ करून चालणार नाही. २०२२ मध्ये याच गटानं २१ बाळांवर प्रयोग केला. आईनं बाळाला घेऊन पाच मिनिटं चालायचं. जवळजवळ निम्मी बाळं तेवढ्यात झोपली. पण झोपलेलं बाळ खाली ठेवताच एक तृतीयांशाहून अधिक बाळं वीस सेकंदांत जागी झाली. हा अनुभव ज्याला नाही त्यानं बाळ सांभाळलेलंच नाही. उपाय असा निघाला: बाळ झोपल्यावर पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा, मग ठेवा. गंमत म्हणजे त्या प्रयोगात हलणाऱ्या खाटल्यानंही बाळं शांत झाली होती. बाळाला हालचाल हवी असते. ती आईच्या पायांतून येते की आजीच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीतून, याची त्या वेळी त्याला फार फिकीर नसते.

बाळाला जास्त वेळ घेऊन हिंडलं तर ते एकंदरीतच कमी रडतं का? कॅनडात हंझिकर आणि बार यांनी १९८६ मध्ये ९९ आई-बाळांच्या जोड्या घेऊन हे पाहिलं. रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ वागवलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडत होती. हा आकडा झोळ्या विकणाऱ्यांनी जगभर मिरवला. त्याच बार यांनी पुढे १९९१ मध्ये पोटशुळानं सतत रडणाऱ्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही, हे मात्र जाहिरातीत येत नाही. तेव्हा संध्याकाळी दोन तास किंचाळणारं बाळ घेऊन कुणी येरझाऱ्या घालत असेल, तर तिला 'नीट घेतलं नसशील' असं सुनावू नये.

कडेवर घेण्याचा आणखी एक फायदा आहे. बाळ कडेवर बसतं तेव्हा त्याचे पाय फाकलेले आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर असतात. नव्या बाळाच्या खुब्याची वाटी अजून कुर्चेची, मऊ असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात नीट बसून राहिला तर वाटी त्याच्या आकाराची घडते. पाय सरळ करून घट्ट बांधून ठेवले तर माथा वाटीबाहेर सरकायचा धोका वाढतो. जपानमध्ये बाळांना पाय लांब करून गुंडाळायची पद्धत होती. १९७५ पासून आयांना ती सोडायला सांगणारी मोहीम निघाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. आफ्रिकेत मलावीसारख्या देशांत मूल पाय फाकवून पाठीशी बांधतात आणि तिथे हा विकार फारच विरळा आढळतो. आपल्याकडे न्हाऊ घातल्यावर बाळाचे पाय ताणून, जुळवून, करकचून गुंडाळणाऱ्या हौशी हातांना हे जरूर सांगावं. वर घट्ट, कमरेखाली सैल, एवढं पुरे.

ज्या बाईला घर नाही, किंवा जी घरापासून लांब आहे, तिचं काय? तंजावरकडे या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर भोसल्यांनी छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली होती. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलंच. १८०१ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहून ही छत्रं आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती केली आणि तिथे काय काय चालतं ते सविस्तर कळवलं. वाटसरूंना जेवण, आजाऱ्यांना वैद्य, हे अपेक्षितच. पण त्यात तान्ह्या मुलांसाठी दुधाची तरतूद आहे, आणि वाटेत अडलेल्या गर्भवतीचं बाळंतपण छत्राच्या खर्चानं, औषधपाण्यासह, वर बाळंतिणीला पुढे तीन महिने राहायची मुभा. तीन महिने! आज पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची आहे. २०१७ पूर्वी ती १२ आठवडे, म्हणजे जेमतेम तेवढीच होती, तीही नोकरदार बाईला. पत्र राजकारणाचं होतं, आपली बाजू उजळ दाखवणारं होतं, हे मान्य. तरीही बाळंतिणीला आधी माणसं लागतात आणि मग बाकीचं, हे राजाला ठाऊक होतं, आणि त्याचा खर्च त्यानं हिशेबात धरला होता.

देवळांतही बाळाभोवती बरंच काही टांगलेलं सापडतं. तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिका आहे. मूल व्हावं म्हणून तिथे तुपाचा प्रसाद देतात आणि सुखरूप सुटका व्हावी म्हणून एरंडेल. मूल झालं की त्याला आणून देवीपुढे सोन्याच्या पाळण्यात घालतात. मारियम्मनच्या देवळांत, विशेषतः तिरुच्चीजवळच्या समयपुरमला, नवस फेडायची वेगळीच रीत आहे. उसाच्या कांड्या एकत्र बांधून त्यांना साडीची झोळी लावतात, बाळ आत घालतात, आणि आई-बाप पुढे-मागे होऊन ती खांद्यावर घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतात. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनची कथाच समयपुरमपासून सुरू होते. व्यंकोजीराजे तिथे दर्शनाला गेले असता देवीनं स्वप्नात येऊन, मी तुझ्या राजधानीजवळच्या उंडीच्या बनात आहे, असं सांगितलं म्हणतात. तंजावरच्या राजवाडा देवस्थानाकडे असलेल्या ८८ देवळांत हेही एक. उसाच्या झोळीत मला आवडते ती तिची रचना: एकट्या माणसाला ती उचलताच येत नाही.

शेतावर मात्र एकटीचंच राज्य. दरवर्षी १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायचे, ही कावेरीच्या खोऱ्यातली ठरलेली तारीख. पाऊसपाणी बिघडलं तर ती चुकते. पाणी आलं की कुरुवै भाताची लावणी. लावणीला बायकाच असतात, कमरेत वाकून, घोटाभर चिखलात, आणि बाळ बांधाच्या झाडाला टांगलेल्या साडीत. आपल्याकडे ऊसतोडीच्या फडात, कोपीच्या बांबूला, बैलगाडीच्या दांडीला हीच झोळी दिसते. इथे दोरी ओढायला कुणी नसतं. वारा झुलवील तेवढं झुलवतो, आणि पाच-सहा वर्षांची बहीण शाळा सोडून राखण करते. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमावी, अशी तरतूद होती. ज्यानं ती लिहिली त्याला झाडाची झोळी ठाऊक असावी. अंमल किती झाला, हे कामावर जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

एकटेपणाची दुसरी तऱ्हा शहरातली. ॲन मूर नावाची अमेरिकन नर्स १९६० च्या दशकात टोगोमध्ये काम करत होती. तिथल्या बायका मूल पाठीशी बांधून बाजारहाट करतात, हे पाहून घरी परतल्यावर तिनं तशी पिशवी शिवली आणि १९६९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. जर्मनीत जुळ्यांची आई एरिका हॉफमन हिनं मेक्सिकोची शाल बांधून पाहिली आणि १९७२ मध्ये तशी कापडं विणून विकायला सुरुवात केली. या कापडांची नेहमीची लांबी साडेचार-पाच मीटर. म्हणजे आपल्या पाचवारीपेक्षाही थोडी कमी, नऊवारीच्या तर निम्म्याहून थोडीच जास्त. फरक विणीत आहे. साडीची वीण साधी, उभा-आडवा धागा एकाआड एक. ती तिरकी ओढली तर ताणते, पण भार पडला की घसरते. बाळ बांधायचं कापड तिरप्या विणीचं, जाडसर असतं. ते तिरकं ताणून अंगाला बसतं आणि परत आपल्या जागी येतं. न्यू जर्सीत किंवा पुण्याच्या बाराव्या मजल्यावर नवरा कामावर गेल्यावर एकटी उरलेली आई ते बांधते आणि पोळ्या लाटते, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. तिच्या घरात दोरी ओढायला कुणी नाही. कपाटातली साडी वापरून पाहायची असेल तर सुतीच घ्यावी, रेशमी किंवा कृत्रिम धाग्याची गाठ सुटते.

मात्र जिवाला धोका आहे, आणि तो आवाज करत नाही. चार महिन्यांच्या आतल्या बाळाचं डोकं जड, मान लुळी. ढिल्या झोळीत ते मुडपून बसलं आणि हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते. रडायलाही श्वास लागतो, म्हणून ते रडत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं २०१० मध्ये असा इशारा दिला, तेव्हा मागच्या वीस वर्षांतल्या निदान १४ मृत्यूंची नोंद त्याच्यापुढे होती, त्यांतले १२ जण चार महिन्यांच्या आतले. म्हणून अंगावरचं बाळ इतकं वर हवं की मान झुकवून त्याच्या कपाळाचा पापा घेता यावा, तोंड दिसावं, हनुवटीखाली दोन बोटं मावावीत. टांगलेल्या झोळीचे धोके वेगळे. कडी निसटणं हा एक. दुसरा मोठ्या मुलांचा: रिकाम्या झोळीत बसून पीळ घालत गरगर फिरायचा खेळ, आणि मानेला बसणारा फास. न्यायवैद्यक नियतकालिकांत अशा मृत्यूंच्या नोंदी आहेत. बाळ उठलं की झोळी गुंडाळून वर खोचायची घरातल्या म्हाताऱ्यांची सवय त्यासाठीच. रात्रभराच्या झोपेला बालरोगतज्ज्ञ सपाट, घट्ट अंथरूण आणि उताणं निजवणंच सांगतात. झोळी जागत्या माणसाच्या नजरेखाली, दिवसा.

सगळ्यात लहान बाळांसाठी मात्र कापड थेट अंगालाच बांधावं लागतं. कोलंबियात बोगोटाला १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात काचपेट्या पुरत नव्हत्या, म्हणून अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी कापडानं बांधून ठेवायला सुरुवात झाली. कांगारू पद्धत म्हणतात ती ही. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत, दिल्लीच्या सफदरजंगसह, १ ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्याबरोबर छातीशी बांधलेल्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू १२ टक्के, आधी स्थिर करून मग बांधलेल्यांत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट की अभ्यास ठरल्याआधीच थांबवण्यात आला. पहिल्या गटातल्या बाळांना विभागात असताना दिवसाला सरासरी सतरा तास असं ठेवलं होतं. नुकतीच बाळंत झालेली, कधी पोट शिवलेली बाई सतरा तास एकटीनं हे करू शकत नाही. म्हणून त्या अभ्यासात आईच्या जोडीला बदली माणूस मान्य केलेला होता. आई जेवायला, न्हायला, झोपायला गेली की गाठ सोडून बाळ आजीच्या, मावशीच्या, घरच्या दुसऱ्या कुणाच्या छातीशी बांधायचं.